‘कुठून आलात?’ ‘फाल्मथहून!’ : शिडाच्या बोटींचे आणि दर्याचे खरे, हसवणारे किस्से

शीड_सुकाणू

शिडाच्या बोटींबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात वादळं असतात, धाडस असतं, देशाचा झेंडा असतो. सगळं खरं आणि सगळं हवंच. पण या खेळाचं निम्मं सुख हसण्यात आहे, आणि ते आपल्याकडे पोचतच नाही याची मला फार चुटपुट लागते. म्हणून हा धागा. अट एकच, किस्सा खरा घडलेला हवा. ‘कुणीतरी सांगितलं’ छापाचे विनोद नकोत.

सुरुवात मी करतो ती १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीपासून, कारण असली माणसं पुन्हा एका ठिकाणी जमणं कठीण आहे. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. तोवर हे कुणीच केलेलं नव्हतं. नऊ जण निघाले.

त्यातला चे ब्लाइथ हा ब्रिटिश पॅराट्रूपर. दोन वर्षांपूर्वी त्याने जॉन रिजवेबरोबर वल्ह्यांच्या होडीतून अटलांटिक पार केला होता, म्हणजे दमाचा माणूस. फक्त शिडाची बोट चालवता येत नव्हती! निघायच्या दिवशी मित्रांनी शिडं चढवून दिली आणि एक मित्र दुसऱ्या बोटीत बसून पुढे निघाला. पुढचा जे करेल ते मागून ब्लाइथने करायचं. पुढच्याने शीड फिरवलं की यानेही फिरवायचं. असं करत स्वारी बंदराबाहेर पडली आणि पृथ्वीप्रदक्षिणेला लागली. दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचला, तिथे शर्यत सोडली. आणि हाच माणूस १९७०-७१ मध्ये उलट दिशेने, वाऱ्याच्या तोंडावर, एकट्याने न थांबता जग फिरून आला. तशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला.

दुसरा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. शर्यतीआधी आणि नंतर त्याला मानसोपचारतज्ज्ञाने तपासलं. जाण्याआधीचा निष्कर्ष : हा गृहस्थ चिंता वाटावी इतका नॉर्मल आहे. दहा महिने एकट्याने समुद्रावर काढून आल्यावरचा निष्कर्ष : तोच, शब्दशः तोच.

वाटेत त्याच्या बॅटरी चार्ज करणाऱ्या इंजिनात एक फट हजारांश इंचाच्या हिशेबात बसवायची होती आणि मोजायचं गेज जवळ नव्हतं. त्याने एक पुस्तक घेतलं, एका इंचात किती पानं बसतात ते मोजलं. दोनशे. म्हणजे एक पान पाच हजारांश इंच. तीन पानं फटीत सरकवली, इंजिन चालू. कोकणातल्या कुठल्याही मिस्त्रीने याला मिठी मारली असती.

न्यूझीलंडला ओटागोजवळ त्याची बोट वाळूत रुतली, तिथेच एक पत्रकार होडीतून भेटायला आला. याने विचारलं, घरची काही पत्रं? तो म्हणाला, नाही, बाहेरून काहीही घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि पत्र हेही ‘काहीही’मध्ये येतं. पाच महिने समुद्रावर एकट्याने काढलेल्या माणसाला भेटायला आलेल्याने नियमावली ऐकवली.

शेवटी २२ एप्रिल १९६९ ला तो इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात शिरला. नऊपैकी शर्यत पूर्ण करणारा एकटाच. कस्टमचे अधिकारी बोटीवर चढले आणि रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, ‘कुठून आलात?’ तो म्हणाला, ‘फाल्मथहून.’

आता मुद्द्याची गोष्ट. ही बोट, ‘सुहैली’, मुंबईत बांधलेली आहे. अस्सल सागवान, १९६३-६४ चं काम, आपल्याच कारागिरांचे वाकस आणि हातड्रिल. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर नोकरीला होता. त्याने आणि सोबत्यांनी इंग्लंडहून बोटीचे नकाशे मागवले, आले ते भलत्याच बोटीचे. जुन्या वळणाची, जाडजूड, संथ बोट. परत पाठवून दुसरे मागवायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधली. नकाशे बरोबर आले असते तर कदाचित चपळ बोट झाली असती. जग फिरून आली ती ही जाडजूड.

या बोटीचा मला विलक्षण अभिमान आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. चला, आता तुमचे येऊ द्या.

अनुस्वार

सुहैली मुंबईची? इतकी वर्षं कुलाब्यात राहून हे माहीत नव्हतं! आता ती कुठे आहे?

शीड_सुकाणू

@अनुस्वार, इंग्लंडमध्येच, मालकाकडे. मधे काही वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तिथली हवा वस्तू टिकाव्यात म्हणून मुद्दाम कोरडी राखलेली. त्या कोरड्या हवेत सागवानी फळ्या आक्रसायला लागल्या आणि सांधे उघडायला लागले! दक्षिण महासागराने जे केलं नाही ते एसीने करत आणलं. शेवटी २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात घातली.

कोळंब_मालवण

आमच्याकडे समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रकार सांगतो, दोन्ही अगदी खरे.

पहिला, बनाना राइडवाला. बसायच्या आधी पोराला दहा वेळा विचारणार, ‘पाडणार नाही ना रे? नक्की नाही ना?’ पोरगा म्हणतो, नाही काका. आणि खरंच न पाडता परत आणलं की किनाऱ्यावर भांडण, ‘त्या मागच्या बोटीतल्या लोकांना पाडलंत, आम्हाला का नाही? पैसे सारखेच घेतलेत ना?’

दुसरा, स्कूबावाला. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला की ‘मला वर न्या’. सगळे मान डोलावतात. खाली गेल्यावर रंगीत मासे दिसतात, माणूस हरखून जातो आणि सवयीने फर्स्टक्लास म्हणून अंगठा वर करतो. प्रशिक्षक बिचारा लगेच त्याला वर आणतो. वर आल्यावर, ‘अहो, इतकं छान चाललं होतं, वर का आणलंत?’ पुन्हा खाली. पुन्हा मासा. पुन्हा अंगठा.

पण एक मनापासून सांगतो. ह्या पोरांना हसा, त्यांच्याबरोबर हसा, पण खूण केली की वर आणायचं हा नियम ती कधी मोडत नाहीत. खूण चुकीची आहे हे कळत असलं तरी आणतात. तसंच हवं.

बोट_लागते_मला

माझं नावच बघा. मांडव्याच्या बोटीतही माझी अवस्था बघवत नाही. या सगळ्या शूर दर्यावर्दींना बोट लागत नसेल, नाही का? की त्यांच्याकडे काही औषध असतं? खरंच विचारतेय, नवऱ्याला शिडाच्या बोटीची फार हौस आहे आणि मला त्याच्याबरोबर जायचंय.

जुना_जहाजी

ताई, तुम्ही फार मोठ्या पंगतीत बसलेल्या आहात. ट्रफाल्गरची लढाई जिंकणारा ॲडमिरल नेल्सन, त्याला आयुष्यभर बोट लागायची. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर जवळपास पाच वर्षं होता आणि समुद्र खवळला की प्रत्येक वेळी आडवा. मनुका तेवढ्या त्याच्या पोटात टिकायच्या. जगाचं जीवशास्त्र बदलणारा माणूस मनुका खात पडून राहिलेला, हे चित्र मला फार धीर देतं.

त्याच डार्विनचं फेब्रुवारी १८३२ मध्ये विषुववृत्त ओलांडताना काय झालं तेही सांगतो. पहिल्यांदा ‘लाइन’ ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात हजर करायचं, ही जहाजांवरची जुनी प्रथा. डोळ्यांवर पट्टी बांधून नेलं, तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीच्या तुकड्याने दाढी खरवडली आणि पाण्यात बुचकळून काढलं. कप्तान फिट्झरॉयही त्या गोंधळात चिंब भिजला. ही प्रथा अजून आहे, सौम्य झाली आहे. आमच्या जहाजावर नेपच्यून व्हायचे चीफ कुक, कारण दाढी लावल्यावर तेच शोभायचे.

औषधाचं म्हणाल तर, बोट लागते ती कान आणि डोळे एकमेकांशी भांडतात म्हणून. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो हलतंय, केबिनमध्ये बसलेले डोळे सांगतात काही हलत नाही. म्हणून बोटीत खाली जाऊन बसू नका, मोबाईल बघू नका. वर या, वारा घ्या, क्षितिजाकडे नजर ठेवा. आणि शक्य असेल तर सुकाणू स्वतः हातात घ्या. चालवणाऱ्याला कमी त्रास होतो, गाडीत होतं तसंच. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या बरीच आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी तुमच्याआधी समुद्राला लागू पडते.

कोळंब_मालवण

जहाजीकाकांनू, शेवटची ओळ वाचून पोट धरून हसलंय. ताई, आमचो तांडेल सांगता तां पण ऐका : दर्यार जातास तर उपाशी जाव नको, आणि पोट फुटासर खाव पण नको. सुक्या खोबऱ्याचो तुकडो तोंडात ठेवा.

न्यूजर्सीची_मावशी

मी हरण्याच्या विक्रमाची गोष्ट सांगते. सर थॉमस लिप्टन. हो, चहावाले लिप्टनच. ग्लासगोमधल्या गरीब घरातला मुलगा, किराणा दुकानांतून श्रीमंत झालेला. त्याला ‘अमेरिकाज कप’ हा शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा चषक जिंकायचा होता. १८९९ मध्ये ‘शॅमरॉक’ नावाची बोट घेऊन आला, हरला. १९०१ मध्ये दुसरी शॅमरॉक, हरला. १९०३, तिसरी. १९२०, चौथी. त्या वेळी पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या होत्या हो, एकच हवी होती! उरलेल्या तिन्ही हरला. १९३० मध्ये ऐंशीच्या घरातला हा गृहस्थ पाचवी शॅमरॉक घेऊन आला आणि पुन्हा हरला.

इतक्या वेळा इतक्या हसतमुखाने हरणारा माणूस अमेरिकन लोकांनी पाहिला नव्हता. त्यांनी सगळीकडून एक-एक डॉलर वर्गणी काढली आणि टिफनीकडून त्याच्यासाठी खास सोन्याचा चषक घडवून घेतला. आणि दर पराभवानंतर अमेरिकेत त्याच्या चहाचं नाव आणखी घराघरात गेलं. कप नाही मिळाला, पण देशभरच्या कपांत तोच होता.

इंग्लंडमध्ये मात्र ‘रॉयल यॉट स्क्वाड्रन’ नावाच्या अतिप्रतिष्ठित क्लबाने त्याला कितीतरी वर्षं दाराबाहेर ठेवलं. किराणावाला ना! त्याच्या मृत्यूच्या जरासं आधी सभासदत्व दिलं. मला याचा अजून राग येतो. राजा त्याच्याबरोबर बोटीतून हिंडत होता आणि क्लबाला त्याचं दुकान दिसत होतं.

अनुस्वार

मावशी, कपांतला चहा जबरदस्त!

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे टॉड नावाची नदी आहे. नदी म्हणजे वाळूचा पट्टा, वर्षाचे बहुतेक दिवस ठणठणीत कोरडी. तिथे १९६२ पासून बोटींची शर्यत भरते. हेन्ली-ऑन-टॉड.

बोटींना तळ नसतो. चार-सहा जण चौकटीत उभे राहतात, बोट कमरेशी धरतात, खालून पाय बाहेर, आणि वाळूतून पळत सुटतात. शिडं लावलेली असतात, गणवेश असतो, निशाण असतं, कप्तान ओरडत असतो. शेवटी ‘युद्धनौकां’ची लढाई होते. ट्रकवर बांधलेल्या नौका एकमेकींवर पिठाचे गोळे आणि पाण्याचे फवारे मारतात.

१९९३ मध्ये ही शर्यत रद्द करावी लागली. कारण नदीला पाणी आलं.

मी गेली काही वर्षं बोटी चालवतो, सिडनी-होबार्ट शर्यतीचा थरार किनाऱ्यावरून पाहिलाय, तरी सांगतो, टॉडच्या वाळूतल्या लोकांचं बोटीवरचं प्रेम कुणापेक्षा कमी नाही. पाणी नाही म्हणून ते थांबले नाहीत.

सिडनी-होबार्टचीही सुरुवात गमतीची. १९४५ च्या नाताळात काही मित्र आपापल्या बोटी घेऊन होबार्टला सहज फिरायला जाणार होते. इलिंगवर्थ नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने सुचवलं, सहज कशाला, शर्यतच लावू. वाटेत वादळ लागलं, त्याच्या बोटीचा पत्ता लागेना, लोक काळजीत. आणि एक दिवस ती टास्मानियाच्या किनाऱ्याशी उगवली, सगळ्यांच्या पुढे. ज्याला शोधत होते तोच जिंकला. त्याच्या बोटीचं नाव होतं ‘रानी’.

दिवाडकर

देव बरें करूं! आमच्या दिवाडी बेटाचा उल्लेख अजून कसा नाही?

कमांडर दिलीप दोंदे, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. त्यांची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट आमच्या दिवाडीवर, मांडवीच्या काठी, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. या सगळ्याचे मूळपुरुष व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे, समुद्रापासून पार लांब, आणि तिथून लोकांना जगप्रदक्षिणेला पाठवायचे! मला हे फार आवडतं.

पुढे अभिलाष टॉमींनी त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. नंतर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली, त्यासाठी त्यांची ‘थुरिया’ही इथेच बांधली, वर कुणीतरी लिहिलंय त्या सुहैलीची प्रतिकृती. तेव्हा वादळात पाठ मोडली, हिंदी महासागरात तीन दिवस पडून होते, मग सुटका. माणूस थांबला का? २०२२ ला पुन्हा गेला. या वेळी वाटेत वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू मोडलं, सुटे भाग संपले. मग बोटीतल्या संडासाचं दार काढलं आणि कापून त्याची पाती केली. एकटाच माणूस बोटीत, हजारो मैलांवर कुणी नाही, दार हवंय कशाला? आणि त्या अवस्थेत शर्यतीत दुसरा आला. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर, अशी जगप्रदक्षिणेची एकट्याची शर्यत जिंकणारी पहिली बाई.

खारावारा

संडासाचं दार!! आमच्या ऑफिसात ‘रिसोर्सेस नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा परिच्छेद पाठवणार आहे.

दिवाडकर, नौदलाची ‘तारिणी’ बोट पण तुमच्याकडचीच ना? लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पुढच्या मे अखेरीला जग फिरून परत आल्या. वाटेत पॉइंट निमोवरून गेल्या. पृथ्वीवरची जमिनीपासून सर्वांत लांबची जागा, कुठलीही जमीन अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब. तिथे असताना डोक्यावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक गेलं तर ते असतं साधारण चारशे किलोमीटरवर. म्हणजे सर्वांत जवळचे शेजारी आकाशात! वाटी-चमचा मागायचा तरी कुणाकडे?

रेवदंडा_लाइट

सगळं वाचून हसतोय, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९६८ च्या त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टही होता. बोट तयार नव्हती, कर्ज डोक्यावर, परत फिरायची सोय नाही. अटलांटिकमध्येच घुटमळत राहून तो जग फिरत असल्याची खोटी ठिकाणं रेडिओवर कळवत राहिला. शेवटी मनाचा तोल गेला, रिकामी बोट सापडली. हसताना हे विसरू नये.

शीड_सुकाणू

@रेवदंडा_लाइट, बरं झालं लिहिलंत, आणि इथेच लिहिलंत. विसरलेलो नाही. नॉक्स-जॉन्स्टनला त्या शर्यतीचे पाच हजार पौंड मिळाले, ते त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. चार मुलं होती घरात. त्याच शर्यतीत फ्रान्सचा मोआतेसिए जिंकण्याची चांगली संधी असूनही इंग्लंडकडे वळलाच नाही. गलोलीने वाटेतल्या एका जहाजाच्या डेकवर निरोप फेकला की मी समुद्रावर सुखी आहे, पुढे चाललो. आणि थेट ताहितीला गेला. एकाच शर्यतीत या तिन्ही गोष्टी घडल्या, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात केली.

पुस्तकी_किडा

स्लोकमची बकरी आली नाही अजून? मग मी आणतो.

जोशुआ स्लोकम, एकट्याने जग फिरणारा पहिला माणूस. २४ एप्रिल १८९५ ला बॉस्टनहून निघाला, १८९८ च्या जूनमध्ये परत. पोहता येत नव्हतं. घड्याळ म्हणून एक डॉलरचं पत्र्याचं घड्याळ, तेही पुढे मिनिटकाटा गमावलेलं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी रात्री लोक बोटीवर चढून लुटतात असं कळल्यावर त्याने झोपण्यापूर्वी डेकवर खिळे पसरले, टोकं वर. मध्यरात्री अनवाणी पाहुणे आले आणि आले त्याच्या दुप्पट वेगाने परत पाण्यात. हा म्हणतो, कुत्र्याची गरजच पडली नाही.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना भेटायला गेला. कुणीतरी ओळख करून दिली, हे ‘जगाभोवती’ फिरायला निघालेत. पृथ्वी सपाट आहे अशी क्रूगरसाहेबांची पक्की श्रद्धा! त्यांनी तिथल्या तिथे सुधारलं : जगाभोवती शक्य नाही, ‘जगात’ म्हणा.

आणि आता बकरी. सेंट हेलेना बेटावर एकाने प्रेमाने भेट दिली, सोबत होईल म्हणून. तिने दोर कुरतडले, याची गवती टोपी खाल्ली, आणि शेवटी वेस्ट इंडीजचा नौकानकाशा खाल्ला. पुढचा प्रवास तिथूनच होता! स्लोकमने तिला असेन्शन बेटावर उतरवून दिलं आणि तो भाग अनुभवाच्या जोरावर, नकाशाशिवाय पार केला.

न्यूजर्सीची_मावशी

बकरी नको गं बाई, कोंबडी बरी! फ्रान्सच्या ब्रिटनीचा तरुण गिरेक सूदे, त्याने २०१४ मध्ये कॅनरी बेटांवर मोनिक नावाची तांबूस कोंबडी बोटीवर घेतली. समुद्रावर कोंबडी अंडी घालत नाही, असं जाणकारांनी सांगितलं होतं. मोनिकने ते ऐकलं नव्हतं. अटलांटिक पार करताना ती अंडी देत राहिली. पुढे ग्रीनलंडला बोट मुद्दाम बर्फात गोठवून घेऊन दोघांनी हिवाळा काढला, १३० दिवस, आणि तिने १०६ अंडी दिली. हिशेब करा, दर पाच दिवसांना चार! नंतर दोघं वायव्य मार्गाने, आर्क्टिकच्या बर्फातून, पॅसिफिकला उतरले.

पुस्तकी_किडा

मावशी, मान्य. एकीने नाश्ता दिला, एकीने नकाशा खाल्ला. कोंबडी जिंकली.

खारावारा

एक प्रामाणिक शंका. वारा समोरून येत असेल तर शिडाची बोट पुढे जातेच कशी? शाळेपासून हा प्रश्न आहे, कुणी धड उत्तर दिलं नाही.

जुना_जहाजी

अगदी समोर, वाऱ्याच्या नाकावर जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश सोडून, तिरकी जाते. शीड विमानाच्या पंखासारखं फुगीर असतं. त्यावरून वारा वळला की शिडाला बाजूला आणि थोडं पुढे असं ओढलं जातं. बाजूचा जोर पाण्याखालची कणा-फळी अडवते, तिला आडवं सरकायचं तर खूप पाणी ढकलावं लागतं. उरतो तो पुढचा जोर. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की कसा सुटतो, तशी बोट वारा आणि पाणी यांच्या चिमटीतून पुढे सुटते. मग थोडा वेळ डावीकडे तिरकं, मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून उजवीकडे तिरकं, अशी नागमोडी वाट करत वाऱ्याच्या दिशेला पोचायचं.

फिरवताना मधेच वेग गेला तर बोट वाऱ्याकडे तोंड करून ढिम्म उभी राहते, शीड फडफडतं, आणि किनाऱ्यावरचे सगळे सल्ले द्यायला लागतात.

अनुस्वार

या सगळ्यात मला ऑस्कर स्पेकची भर घालू द्या. जर्मन माणूस, १९३२ मध्ये बेकार. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल म्हणून घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसला पोचेपर्यंत खाणीपेक्षा वल्हवणंच आवडायला लागलं. मग युफ्रेटिस, इराणचं आखात, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, सिलोन, ब्रह्मदेश, जावा असं करत सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका बेटावर पोचला. किनाऱ्यावर पोलीस उभे. त्यांनी आधी मनापासून अभिनंदन केलं. मग अटक केली. युद्ध सुरू झालं होतं आणि हा शत्रुराष्ट्राचा नागरिक! युद्ध संपेपर्यंत छावणीत. सुटल्यावर तिथेच ओपल रत्नांचा धंदा टाकला आणि सुखात राहिला.

आपल्या किनाऱ्यावरून गेला तेव्हा कुठल्या गावाने त्याला शहाळं दिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बोट_लागते_मला

जहाजीकाका, मनुका, क्षितिज आणि सुकाणू, तिन्ही लिहून घेतलं. पण आता वेगळाच प्रश्न. हा धागा मी मोठ्याने वाचत होते, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी बकरीच्या गोष्टीपासून हटूनच बसली आहे की तिला बोट शिकायची आहे. मुंबईत या वयाच्या मुलांना शिकवतात का? पोहणं यायला हवं का?

शीड_सुकाणू

ताई, शिकवतात. नऊ म्हणजे अगदी योग्य वय. या मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची बोट असते. १९४७ मध्ये फ्लॉरिडातल्या क्लार्क मिल्सने मुलांना परवडावी म्हणून प्लायवूडची बनवली, जेमतेम अडीच मीटर लांब, एकच शीड, एकच मूल. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यात शर्यती खेळतात. ऑलिम्पिकला जाणारे कितीतरी खेळाडू इथूनच सुरू झालेत.

पोहणं आलंच पाहिजे आणि लाइफ जॅकेट कायम अंगावर, यात तडजोड नाही. पहिल्याच दिवसांत बोट मुद्दाम उलटवायला लावतात. उलटली की पोहत बाहेर यायचं, तळातून निघालेल्या फळीवर उभं राहायचं, वजन टाकून बोट सरळ करायची, आत चढायचं, मग डबा घेऊन पाणी उपसायचं. मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं. दहा-बारा मुलं एकाच वेळी उलटलेली, प्रत्येकाचा डबा चाललाय, आणि एकमेकांच्या बोटीत पाणी उडवणंही चाललंय, हे दृश्य बघायला तुम्ही जरूर जा.

मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर असतात. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो शिकायला उत्तम. क्लब निवडताना फी आधी विचारू नका. मुलांच्या मागे सुरक्षा-बोट कायम असते का, आणि एका प्रशिक्षकाकडे किती मुलं, हे आधी विचारा.

कोळंब_मालवण

आणि ताई, चष्मा असेल तर दोरी बांधून पाठवा. टोपीलाही. आमच्या तळाशी इतके गॉगल आहेत की मासे आता सावलीत बसून बघतात.